वळीव पडला, आता काय लावायचं? कोल्हापूरच्या परड्यात पहिल्यांदा भाजी-फळं लावणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पावसाळी भाजी पाण्यावाचून क्वचितच जाते. जाते ती पाण्यानंच. जूनमध्ये तरारून आलेली मिरची जुलैत अचानक मान टाकते, पपई बुडख्यातून कुजते, कोथिंबीर उगवते आणि दोन जोरदार सरींत झोपते. म्हणून वळीव पडल्या पडल्या बियाणांच्या दुकानाकडं धावू नका. आधी कुदळ घ्या आणि परड्यातल्या पाण्याला बाहेर जायची वाट करून द्या. पुढं सांगितलेली निम्मी कामं त्यासाठीच आहेत, उरलेली कधी काय लावायचं यासाठी.

जुन्या लोकांचा हिशेब नक्षत्रांवर चालायचा. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं, ७-८ जूनला मृग. रोहिणीत जमीन तयार करायची आणि मिरगाचा पाऊस झाला की बी टोकायचं. हा हिशेब अजूनही बऱ्यापैकी कामाचा आहे, पण डोळे झाकून नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, आणि त्याआधीही मेमध्ये पाऊस पडतच होता. अशा वर्षी कॅलेंडर बाजूला ठेवून मातीकडं बघावं लागतं.

पाणी कुठं थांबतं ते आधी बघा

वळवाची मोठी सर येऊन गेली की अर्ध्या तासानं छत्री घेऊन परड्यात एक फेरी मारा. कुठं डबकं झालंय, शेजारच्या प्लॉटमधून पाणी कुठून आत येतंय, पन्हाळीचं किंवा गच्चीच्या पाइपचं पाणी कुठं पडतंय, हे सगळं त्याच वेळी दिसतं. उन्हाळ्यात कोरडी जमीन बघून आखलेला वाफा हमखास चुकीच्या जागी येतो. जिथं पाणी थांबतं तिथं खडूनं, विटेनं, कशानंही खूण करून ठेवा.

मग एक सोपी परीक्षा घ्या. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा काढा, पाण्यानं भरा, एकदा जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चारेक तासांत गेलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तिथं पपई, लिंबू, मिरची लावू नका. अशी जागा वाया जात नाही, तिथं अळू लावा. मोरीचं किंवा धुण्याच्या दगडाचं पाणी जिथून वाहतं तिथं आपल्याकडं पूर्वीपासून अळू असतं, ते उगाच नाही.

जागा निवडताना उन्हाबद्दलचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. कोल्हापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळं घराच्या उत्तरेच्या भिंतीलगतही जूनमध्ये बरं ऊन दिसतं आणि नवखा माणूस तिथं वांगी लावून मोकळा होतो. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेला सरकतो, तीच जागा भिंतीच्या सावलीत जाते आणि वांगी नेमकी भरात असताना फळं धरेनाशी होतात. दक्षिण किंवा पूर्व मोकळी असलेली जागा फळभाजीला द्या. उत्तरेची बाजू हळद, आलं, अळू यांना चालते.

आपली माती कोणती?

एकाच जिल्ह्यात इतके प्रकार क्वचित सापडतात. नदीकाठच्या गावांत काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं तांबडी, लवकर निचरा होणारी, पण पावसानं धुऊन गेलेली. आणि माळावरच्या नव्या कॉलन्यांत बऱ्याचदा माती नसतेच, मुरूम असतो आणि त्यावर बांधकामाचा राडारोडा. पाऊसही तसाच. गगनबावड्यात जेवढा पडतो त्याच्या तुलनेत शिरोळला अगदीच थोडा. त्यामुळं शिरोळच्या पाहुण्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं बाजारभोगावात करू नका.

काळी माती असेल तर तिच्यात भरपूर शेणखत आणि कुजलेलं पाचट मिसळायचं, म्हणजे ती मोकळी होते. काही जण तिच्यात वाळू टाकतात. थोड्या वाळूनं काही होत नाही आणि पुरेशी टाकायची तर ट्रॉली आणावी लागते, तेव्हा तो खर्च खतावर करा. मुरमाच्या प्लॉटवर खाली खणत बसण्यापेक्षा वर विटांचा कट्टा करून त्यात नऊ इंच ते फूटभर चांगली माती भरणं स्वस्त पडतं. विकतची माती घेताना ती शेताच्या वरच्या थरातली आहे की पायाच्या खोदाईतली, ते विचारून घ्या. खोदाईतली पिवळी माती दिसायला मऊ असते, पण त्यात पहिल्या वर्षी काही येत नाही.

आता वापसा. नव्या माणसानं शेतकऱ्याकडून एकच गोष्ट शिकायची तर ही. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निघून जातं, ओल राहते आणि मातीत हवा खेळायला लागते, ती अवस्था म्हणजे वापसा. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. गोळा फुटून विस्कटला तर वापसा आहे. चपटा होऊन चिकटून राहिला तर थांबा. काळ्या रानात ओल्यातच कुदळ मारली की ढेकळं वाळून दगड होतात आणि ती वर्षभर पाय ठेचतात. वळवाचे मोठे पाऊस झाल्यावर काळ्या मातीला वापसा यायला उन्हाप्रमाणं चार-सहा दिवस लागतात, तांबडीला एखाद-दोन दिवस पुरतात.

खत, आणि खतातून येणारी हुमणी

शेणाला कोल्हापुरात तोटा नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी पिळून घेणारं हे गाव. पण गोठ्यातलं ताजं शेण परड्यात आणून टाकायचं नाही. अर्धवट कुजलेल्या शेणात ऊब असते, ती कोवळी मुळं भाजते, आणि त्यातून हुमणीही येते. उसाच्या शेतकऱ्याला विचारा, तो हुमणीचं नाव काढल्यावर कपाळाला हात लावेल. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली ही अळी मातीत राहून मुळं खाते. वरून बघावं तर भेंडीचं झाड दुपारी सुकलेलं दिसतं आणि हातानं ओढलं की मुळं नसल्यासारखं अलगद वर येतं.

हुमणीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय नेमका वळवाच्या दिवसांतच करता येतो. पहिले चांगले पाऊस झाले की तिचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला व मिलनाला जमतात. त्यानंतर माद्या मातीत अंडी घालतात. दिवेलागणीनंतर दोन तास घराजवळच्या कडुलिंबाखाली जुनी चादर अंथरा, फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. दिव्याखाली पाण्याची परात ठेवली तरी बरेच येतात. गल्लीतली पोरं हे काम आनंदानं करतात. मेअखेरीस चार-पाच संध्याकाळी हे केलं तर ऑगस्टमध्ये औषध शोधत फिरावं लागत नाही.

चांगलं कुजलेलं खत ओळखायला नाक पुरतं. वास मातीचा हवा, शेणाचा नको. रंग काळपट, हातात भुगा होणारं, आत हात घातला तर गार लागणारं. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्याला अशी दोन घमेली पुरतात. सोबत पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा पावडर मिळते, ती मूठभर घेऊन याच खतात कालवा आणि ओलसर पोतं झाकून आठवडाभर सावलीत ठेवा. ही एक चांगली बुरशी आहे. मूळकूज करणाऱ्या वाईट बुरशीला ती जागा मिळू देत नाही, आणि आपल्या पावसात मूळकूज ही ठरलेलीच. रासायनिक बुरशीनाशकासोबत मात्र ती मिसळू नका, मरून जाते.

वाफे वर, वाट खाली

सपाट वाफ्यात पाणी अडवायचं असतं, ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात गादीवाफा. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. उंची किमान वीतभर, काळ्या मातीत फूटभर. दोन वाफ्यांमधली दीड फुटाची वाट म्हणजेच तुमची गटार. तिची माती काढून वाफ्यावर टाकायची, म्हणजे एकाच कामात दोन्ही होतं. सगळ्या वाटा शेवटी एका चरात मिळाल्या पाहिजेत आणि तो चर कंपाउंडबाहेर किंवा रस्त्याच्या गटारीला. शेजाऱ्याच्या परड्यात नको, भांडणं इथूनच सुरू होतात.

पहिल्या वर्षी असे दोन वाफे, एक मांडव आणि दोन-तीन फळझाडं एवढंच करा. अर्धा गुंठा एकदम खणून ठेवलेले लोक जुलैत तण बघून दार लावून घेतात.

लगेच काय, थांबून काय

वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन वापसा आला की मेअखेरीस पहिल्यांदा कंद लावा. हळद, आलं, सुरण, अळू. हळदीचा गड्डा दोन-अडीच इंच खोल, कोंब वर करून, दोन गड्ड्यांत फूटभर अंतर. सांगलीची हळद सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्याकडंही ती तेवढीच चांगली येते. आठ-नऊ महिन्यांनी काढायची, म्हणून तिला कडेची जागा द्या. आलं मात्र निचऱ्याबाबत हट्टी आहे, पाणी थांबलं की कंद कुजतो.

भेंडी, चवळी, दोडका, कारलं, काकडी, दुधी, भोपळा यांचं बी थेट जागेवर टोकायचं. यांना मिरगाची वाट बघायची गरज नाही. वळवाची ओल चांगली असेल आणि मधे पाणी द्यायची सोय असेल तर मेअखेरीस टोकलेली भेंडी जुलैच्या धुवाधार पावसाआधी गुडघाभर होते आणि तग धरते. जूनच्या शेवटी टोकली तर रोप दोन पानांचं असतानाच झोडपलं जातं. नवखे लोक मोठा पाऊस सुरू होण्याची वाट बघतात, तिथं आठवडे वाया जातात. झारीनं पाणी घालायला लागलं तरी चालेल, पण वेलभाज्या आणि भेंडी लवकर उरका.

भेंडीच्या वाफ्यात तीन ओळी, ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट. अशी तीसेक झाडं चौघांच्या घराला एक दिवसाआड भाजी देतात. टोकल्यापासून पन्नासेक दिवसांत तोडणी सुरू होते आणि मग दोन दिवस विसरलात तर भेंडी जून होते. कारल्याचं, दोडक्याचं, दुधीचं बी जाड सालीचं असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, कोंब फुटल्यावर टोका. नाहीतर काही बिया उगवतात, काही कुजतात आणि दोष बियाणाला मिळतो.

गवारीला कोल्हापूरकरांचा जीव अडकलेला असतो, त्यातही जवारी म्हणजे देशी गवारीला. पण ती कोरड्याची लेक. शिरोळ, हातकणंगल्यात लावा. पन्हाळ्याच्या पायथ्याशी पावसात गवारीचा नाद सोडा आणि जानेवारीत उन्हाळी गवार करा.

पालेभाज्यांत पावसाला मानवणारी म्हणजे पोकळा आणि अंबाडी. पोकळ्याचं बी खसखशीएवढं. त्यात चौपट बारीक वाळू मिसळून ओळीत पेरा, वर मातीचा नुसता शिडकावा करा आणि पहिले दोन दिवस मुंग्यांकडं लक्ष ठेवा, त्या बी पळवतात. महिन्याभरात भाजी हाताशी येते. उपटून न काढता शेंडा खुडला तर पुन्हा फुटते. मेथी आणि कोथिंबीर उघड्या वाफ्यावर जूनपासून पाऊस ओसरेपर्यंत लावू नका. ज्या दिवसांत मंडईत कोथिंबिरीची पेंडी महाग असते ते दिवस पावसाचेच का, याचं उत्तर तुमच्या वाफ्यावर मिळेल. हवीच असेल तर फळांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये पोतं अंथरून माती भरा आणि पागोळ्यांपासून दूर, पत्र्याखाली उजेडात ठेवा. धणे चपलेनं रगडून दोन भाग करून पेरायचे.

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं

यांचं बी आधी वेगळ्या जागी पेरून रोपं करायची आणि चार-पाच आठवड्यांनी लावायची. मेच्या सुरुवातीला बी टाकलं असेल तर रोपं मिरगात तयार. उशीर झाला असेल तर सरळ रोपं विकत आणा. शिरोळ, हातकणंगले भागात भाजीच्या रोपवाटिका आहेत. शेतकऱ्यांना ट्रेनं रोपं देतात, पण वीस-पंचवीस मागितली तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. घेताना उंच रोपाला भुलू नका. वीतभर उंचीचं, जाड दांड्याचं, फुलं न आलेलं रोप घ्या, आणि ते ट्रेमधून काढून मुळं बघा. पांढरी हवीत.

घरी करायची तर बी वीतभर उंच गादीवर किंवा ट्रेमध्ये पेरा आणि वर पारदर्शक प्लास्टिकची कमान करा. मिरचीची कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात, त्याला रोपमर म्हणतात. ती मातीतल्या बुरशीमुळं होते, आणि दाट पेरणी व सतत ओल तिला साथ देतात. विरळ पेरा, पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी वरची माती सुकलेली राहू द्या.

लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावी. वांग्याला दोन्हीकडून दोन-दोन फूट, मिरचीला दोन बाय दीड फूट. चौघांच्या घराला वांग्याची पाच-सहा झाडं पुष्कळ होतात, मिरचीची आठ. वांग्याचं बी आठवडी बाजारात जवारी वाणाचं मिळालं तर घ्या. कृष्णाकाठच्या वांग्याची चव संकरित वाणाला नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं धरता येतं हा दुसरा फायदा.

टोमॅटोबद्दल थोडं निराश करणारं सांगतो. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या पानांवर करपा येतोच, आणि महागडी औषधं फवारून चार किलो टोमॅटो पिकवण्यात अर्थ नाही. हौस म्हणून दोन झाडं पत्र्याच्या आडोशाला लावा. खरी लावणी गणपतीनंतर करा, थंडीत बुट्ट्या भरून निघतील.

मांडव आधी, वेल नंतर

वेल दोन फूट वाढल्यावर काठ्या शोधायला निघालं की त्या मिळत नाहीत. बांबू बी टोकायच्या दिवशीच रोवा, दीड-दोन फूट खोल, कारण ओल्या मातीत वाऱ्यानं मांडव कलतो. आडव्या तारा किंवा नायलॉनची जाळी बांधा. उंची तुमचा हात पोचेल एवढीच. मांडवाच्या दोन टोकांना दोडक्याचे आणि कारल्याचे दोन-दोन वेल पुरे झाले. दुधीचा एकच लावा, तो एकटाच अख्खा मांडव मागतो.

पावसात हमखास येणारी तक्रार म्हणजे फुलं भरपूर, फळ एकही नाही. पहिले काही दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा धीर धरा. पुढं मादी फुलं येऊनही फळ गळत असेल तर पावसामुळं मधमाश्या फिरकत नाहीत असं समजा. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं, नराच्या मागं नुसता देठ. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. कारलं, काकडी, भोपळ्याला हे सकाळी लवकर करायचं. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला.

फळं आकाराला आली की फळमाशी येते. ती फळाला टोचते, आत अळ्या होतात, फळ वाकडं होऊन सडतं. क्यू ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे वासाच्या आमिषाचा डबा, मांडवाला टांगा. त्यात नर माश्या अडकतात. सडकी फळं परड्यातच टाकू नका, पिशवीत बांधून उन्हात ठेवा किंवा खोल पुरा.

फळझाडं: कोणती, आणि कोणती नकोत

आधी नकोत ती. डाळिंब आणि अंजीर ही कोरड्या हवेची झाडं. नर्सरीवाला देईल, झाड जगेलही, पण फळांवर डाग आणि कूज. सोसायटीच्या चिंचोळ्या परड्यात फणस किंवा जांभूळही नको, दहा वर्षांनी शेजारी आणि कंपाउंड दोन्ही बिघडतात.

सगळ्यात आधी कढीपत्ता आणि शेवगा. शेवग्याला पाणी थांबलेलं चालत नाही, म्हणून उंचवट्यावर लावा आणि तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा. न खुडलेला शेवगा गच्चीच्या वर जातो आणि शेंगा शेजाऱ्यांना दिसतात, तुम्हाला मिळत नाहीत. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, विजेच्या तारेखाली नको.

केळीला पाऊस आवडतो. मुनवा, म्हणजे केळीच्या बुडातून फुटलेलं पिल्लू, निवडताना तलवारीसारखी अरुंद पानं असलेला घ्या. रुंद पानांचा दिसायला गुबगुबीत असतो, पण मागं पडतो. खड्डा दीड फुटाचा, दोन केळींत सहा फूट. पुढं येणारे सगळे मुनवे काढत राहा आणि घड पडल्यावर एकच राखा, तो पुढच्या वर्षीची केळ. घड लागल्यावर बांबूचा टेकू हवाच.

पपई हे अधीर माणसाचं झाड, वर्षाच्या आत फळ देतं. पण बुडाशी एक-दोन दिवस पाणी थांबलं तरी जातं. तिला खड्डा करूच नका, फूटभर उंचीचा मातीचा ढीग करून त्याच्या माथ्यावर रोप लावा. देशी वाणात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एका जागी तीन रोपं लावून फुलं आल्यावर नर काढतात. तैवान ७८६ सारख्या वाणात ही कटकट नाही.

लिंबू प्रत्येक घरात हवं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेलं साई सरबती आपल्याकडं चांगलं, कारण पावसात पसरणाऱ्या खैऱ्या रोगाला ते कागदी लिंबापेक्षा बरं तोंड देतं. लिंबाच्या खोडाला पाणी लागू द्यायचं नाही, लागलं तर साल तडकून डिंक येतो. खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा आणि त्याच्याबाहेर आळं, अशी रचना करा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी आहे. हातानं काढा, पाच-सहा अळ्या छोटं झाड बोडकं करतात.

पेरूसाठी सरदार म्हणजेच एल-४९, आंब्यासाठी केशरचं कलम, छाटून आटोक्यात ठेवता येईल असं. पेरू, लिंबू, आंब्याचे खड्डे खरं तर एप्रिल-मेच्या उन्हात काढून तापवून ठेवायचे. दोन फूट लांब, रुंद, खोल. वळवानं खड्ड्यात पाणी भरलं असेल तर उपसा आणि वापसा येईपर्यंत थांबा. भरताना वरच्या थराची माती, दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरा, कारण पावसानं माती बसते आणि सपाट भरलेल्या खड्ड्याची जुलैत विहीर होते. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फूट आली तर लगेच खुडा, ती कलमाच्या वाणाची नसते, खालच्या खुंटाची असते. काळी पिशवी फाडून पूर्ण काढायची, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. फळझाडांची लावणी मृगापासून आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे साधारण ५ जुलैपर्यंत उरका. आंब्याला पहिली तीन वर्षं आलेला मोहोर काढून टाकायचा. जीवावर येतं, पण काढा.

गच्चीवरच्यांसाठी

वरचं बहुतेक तसंच, फक्त नारळाचा भुसा कमी. उन्हाळ्यात निम्मा भुसा चालतो, पावसाळ्यात तो पाणी धरून मुळं कुजवतो. दोन भाग माती, दोन भाग खत, एक भाग भुसा पुरे. कुंडी विटांवर ठेवा, खालचं भोक रोज बघा आणि थाळ्या काढून टाका, त्यात डास होतात. भिजलेली माती फार जड असते. मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता, जिथं स्लॅबखाली भिंत किंवा तुळई आहे तिथं ठेवा.

पाऊस लागल्यावर

आता लावायचं संपलं, सांभाळायचं उरलं. पहिली भांगलण लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, तण बोटभर असताना. नंतर ते हातानं निघत नाही. काढलेलं तण वाफ्यावर टाकू नका, पावसात पुन्हा मुळं धरतं. भांगलण झाल्यावर पाचटाचा पातळ थर पसरा. त्यानं पावसाचे थेंब मातीवर आपटत नाहीत आणि पानांवर चिखल उडत नाही, करप्याचे बरेचसे जंतू त्या चिखलातूनच येतात. पण थर जाड नको, आणि बुडख्यापासून वीतभर लांब, कारण त्याखाली गोगलगायी राहतात.

गोगलगायींसाठी संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओली पोती टाकून ठेवा आणि पहाटे उलटा. तिथं जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यावर फेकू नका, जमीन बिघडते. सलग आठवडाभर वेचल्या की जाणवण्याइतक्या कमी होतात.

जुलैत पानं पिवळी पडली की लोक खत मारतात. आधी बोटानं माती बघा. चिखल असेल तर रोपाचा श्वास कोंडलाय, वाटेतला गाळ काढून पाणी वाहतं करा. माती मोकळी असेल आणि खालची पानं पिवळी होत असतील तर पावसानं नत्र धुऊन नेलंय. तेव्हा दर पंधरा-वीस दिवसांनी रोपाला मूठभर गांडूळ खत द्या. एकदम घातलेलं सगळं खत पाऊसच घेऊन जातो.

जीवामृत करायचं तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. दोन-तीन दिवस सावलीत, रोज दोनदा ढवळायचं, मग दहापट पाणी मिसळून बुडाशी ओतायचं. गूळ पिवळाधमक नको, काळपट, बिनरसायनाचा घ्या. गुऱ्हाळावर तो मिळतो. यानं चमत्कार होतो असं मी म्हणणार नाही. चांगलं शेणखत घातलेल्या जमिनीत फरक थोडाच दिसतो.

मावा, तुडतुड्यांवर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, साबणाचं थोडं पाणी घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पाऊस थांबलेला असेल तरच, भर पावसात फवारणं म्हणजे अर्क गटारीला पाजणं. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबत असेल तर आत अळी आहे. तो बोटभर खालून कापून चुलीत घाला, त्यावर दुसरा इलाज शोधू नका.

पंचगंगेच्या किंवा जयंती नाल्याच्या काठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्हाला सांगायला नको. पाणी जिथवर आलं होतं त्या रेषेच्या खाली पपई, लिंबू, आलं यांत पैसे घालू नका. तिथं केळ, अळू आणि हंगामी पालेभाजी ठेवा, गेली तर एका हंगामाची जाते. पुराचं पाणी वाफ्यावरून गेलं असेल तर त्यावरची पालेभाजी धुऊनसुद्धा खाऊ नका, त्या पाण्यात गावाचं सांडपाणी असतं. फळभाजीची लागलेली फळं काढून टाका, झाड जगलं तर नवी येतील. पाणी ओसरल्यावर वरचा गाळाचा थर वाळू द्या, वापसा आला की खुरप्यानं फोडा आणि खत मिसळून सप्टेंबरात त्याच वाफ्यावर मेथी पेरा.